पंपाचा सिरियल नंबर हातात घेऊनच डेमोला बसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पंपांचा कारखाना, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, उलाढाल 28 कोटींच्या आसपास, माणसं नव्वद. शेतीपंप डीलरांमार्फत जातात, मोठे पंप साखर कारखान्यांना थेट, आणि आठ सर्व्हिस इंजिनिअर कायम रस्त्यावर. हिशेब टॅलीत, उत्पादन एक्सेलमध्ये, सर्व्हिस व्हॉट्सअ‍ॅपवर. हे सगळं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे तीन ठिकाणचे डेमो झाले, तीन कोटेशनं आली आणि सगळ्यात स्वस्त नि सगळ्यात महाग यांत सातपट फरक निघाला. वडील म्हणतात, "टॅली आहे की, अजून काय पाहिजे?" आणि तुम्ही विचारताय, यातलं कुठलं घेऊ?

मी आधी अकरा वर्षं कारखान्यात पीपीसी, म्हणजे उत्पादनाचं नियोजन सांभाळलं, मग ईआरपी, म्हणजे कारखान्याची सगळी खाती एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, बसवणाऱ्यांच्या बाजूला आलो. दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्यात. त्यामुळे नाव सांगण्याआधी निवड कशी करायची ते सांगतो.

पहिली गोष्ट, वडील चुकत नाहीत. टॅली हिशेबाला उत्तम आहे आणि तुमच्या अकाउंटंटचा हात त्यावर बसलाय. तुमचं दुखणं हिशेबात नाहीच. कारखाना, डीलर आणि सर्व्हिस ही तीन खाती जिथे एकमेकांना भेटतात तिथे आहे. प्रत्येक खातं आपापल्या वहीत बरोबर असतं. सांध्यावर मात्र कुणाचंच काही लिहिलेलं नसतं.

डेमोत हा सांधा कधीच दिसत नाही. डेमोतली कंपनी बहुधा सायकली बनवते. दोन चाकं, एक फ्रेम, एक सीट. सगळा माल वेळेवर येतो, रिजेक्शन नाही, जॉबवर्कवाला (आपला माल त्याच्या शेडमध्ये घडवून देणारा) गणपतीत आठ दिवस गावाला गेलेला नाही. बटण दाबलं की वर्क ऑर्डर, बटण दाबलं की बिल. बघणारा खूश होऊन सही करतो. म्हणून डेमोला त्यांचा नमुना चालवू देऊ नका, तुमचा एक पंप द्या. गेल्या वर्षभरात ज्या पंपाने सगळ्यात जास्त डोकेदुखी दिली तो निवडा. डीलरकडून गेला, सहा महिन्यांत गळायला लागला, इंजिनिअर दोनदा जाऊन आला, सील बदललं आणि सीलवाल्याने क्लेम नाकारला, असा एखादा नक्की असेल. त्याची नेमप्लेट, बिल, टेस्ट रिपोर्ट, सर्व्हिस रिपोर्ट असं सगळं एका फाईलमध्ये लावा आणि तिन्ही कंपन्यांना म्हणा, "हा पंप तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जन्माला घाला आणि क्लेमपर्यंत नेऊन दाखवा." चार दिवस द्या. तिघांपैकी एक जण तरी पुन्हा फोन करणार नाही, आणि तुमचं एक तृतीयांश काम तिथेच होईल.

या परीक्षेत काय बघायचं? मी चार जागी बोट ठेवतो.

सुरुवात स्टोअरपासून. शाफ्टचा बार तुम्ही किलोवर घेता, कापता मिलिमीटरवर आणि असेंब्लीला देता नगावर. 40 मिलिमीटर डायाचा, म्हणजे व्यासाचा बार घ्या. डायाचा वर्ग भागिले 162, हे आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं. म्हणजे मीटरला 9.88 किलो, सहा मीटरचा बार 59.26 किलो. शाफ्ट 385 मिलिमीटरचा असेल आणि करवतीला 3 मिलिमीटर जात असतील, तर एका बारात 15 नग निघतात आणि 180 मिलिमीटरचा तुकडा उरतो. आता सॉफ्टवेअरच्या बीओएममध्ये, म्हणजे एका पंपाला काय काय लागतं त्या यादीत, कुणीतरी शाफ्टला 3.80 किलो असं निव्वळ वजन भरून ठेवलेलं असतं. 15 नगांचे 57 किलो वजा होतात आणि प्रत्येक बारामागे 2.26 किलो स्टील कॉम्प्युटरमध्ये शिल्लक राहतं, रॅकवर नसतं. महिन्याला 100 बार कापत असाल तर वर्षाला अडीच टनांच्या वर हवेतला स्टॉक झाला. मार्चमध्ये स्टॉक मोजताना स्टोअरचे मामा शिव्या खातात, आणि मामांनी एक किलोही घरी नेलेलं नसतं. ज्याला कापणीतली घट, उरलेला तुकडा आणि त्या तुकड्यातून पुन्हा एखादी बुश काढणं हे सगळं दाखवता येतं, त्याला कारखाना कळतो. "ते आपण नंतर कस्टमाइझ करू" असं म्हणणाऱ्याच्या नावापुढे फुली मारा.

दुसरी जागा जॉबवर्क. आपल्या भागातल्या कारखान्यांची अर्धी फॅक्टरी दुसऱ्याच्या शेडमध्ये असते. फाउंड्रीतून 100 केसिंग (पंपाची बाहेरची कवचं) आल्या, तुम्ही त्या चलनावर (माल पाठवल्याच्या कागदावर) मशीनिंगला पाठवल्या, परत 96 आल्या. चार कुठे गेल्या? तिघींना मशीनिंग करताना ब्लोहोल (ओतकामात राहिलेली पोकळी) लागला, म्हणजे चूक फाउंड्रीची. एकीचा बोअर (आतलं भोक) मशीनिंगवाल्याने मोठा केला, म्हणजे चूक त्याची. तीन नगांची डेबिट नोट फाउंड्रीला जायला हवी, आणि त्यावर झालेली मशीनिंगची मजुरी कुणी सोसायची यावर दर महिन्याला भांडण ठरलेलं. एका नगाच्या कास्टिंगचे पैसे मशीनिंगवाल्याच्या बिलातून वळते करायचे. हे सगळं एकाच चलनावर. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'रिजेक्ट: 4' एवढा एकच रकाना असतो आणि तिथेच गाडी अडते. त्यात जीएसटीचा भाग निराळाच. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरलं जातं, आणि 5 कोटींवर उलाढाल असली की जॉबवर्कच्या मालाचा आयटीसी-04 हा फॉर्म दर सहा महिन्यांनी भरावा लागतो. कोणत्या चलनाचे किती नग किती दिवस बाहेर आहेत, ही यादी एका क्लिकमध्ये निघते का, ते तिथल्या तिथे काढून दाखवायला सांगा.

तिसरी जागा डीलर. सिरियल नंबर डीलरच्या बिलापर्यंत जातो आणि तिथेच हरवतो, कारण डीलरने तो पंप कोणत्या शेतकऱ्याला कधी विकला हे तुम्हाला कळतच नाही. मग वॉरंटी कोणत्या तारखेपासून मोजायची? तुम्ही डीलरला दिलेल्या बिलापासून मोजली तर शेतकरी भांडतो, शेतकऱ्याच्या बिलापासून मोजली तर डीलर जुना पंप नवा म्हणून खपवतो. यावर सॉफ्टवेअरचा उपाय फार साधा असू शकतो. नेमप्लेटवर क्यूआर, डीलरने मोबाइलवर स्कॅन करून विक्रीची तारीख टाकायची, न टाकल्यास वॉरंटी तुमच्या बिलापासून सुरू. पण हा नियम तुम्ही आधी ठरवायला हवा. सॉफ्टवेअर नियम बनवत नाही, फक्त राबवतं.

डीलरने स्वतःच्या स्टॉकमधून वॉरंटीत पार्ट बदलून दिला तर पुढे तीन वाटा आहेत. तो तुम्हाला बिल लावतो, किंवा तुम्ही त्याला पार्ट भरून देता, किंवा तुम्ही क्रेडिट नोट काढता. तिन्ही वाटांवर जीएसटी वेगळा लागतो. 17 जुलै 2023 च्या परिपत्रकात (क्रमांक 195) हे स्पष्ट केलंय. तुम्ही पार्ट भरून दिला, तर ग्राहकाकडून पैसे घेतलेले नसल्यास त्यावर कर नाही आणि तुमचं क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) उलटवावं लागत नाही. डीलरने बिल लावलं तर त्याला कर भरावा लागतो, तुम्हाला त्याचं क्रेडिट मिळतं. तुमच्या सीएंना विचारून एक वाट पक्की करा आणि वेंडरला, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला, तेवढीच एक चालवून दाखवायला सांगा. तिन्ही वाटा उघड्या ठेवल्या की डीलर आपल्या सोयीची धरतो आणि अकाउंटंट महिनाअखेर रडतो.

चौथी जागा सर्व्हिस, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण डेमोत याला पाच मिनिटं मिळतात आणि तुमचं नाव इथेच टिकतं किंवा जातं.

गळीत हंगाम चालू आहे, रात्री साडेदहाला साखर कारखान्याचा फोन येतो, पंपाचा आवाज बदललाय. तुमचा इंजिनिअर मोटरसायकलवर निघतो. त्याच्या बॅगेत दोन 6307 बेअरिंग, एक मेकॅनिकल सील, थोडे ओ-रिंग. हा माल स्टोअरमधून 'इश्यू' होऊन गेलाय, म्हणजे पुस्तकातून गेला, पण वापरला अजून नाही. आठ इंजिनिअर, आठ बॅगा. माझ्या अनुभवात या बॅगांमध्ये जेवढा माल असतो त्याची किंमत ऐकून मालकाचा चहा थंड होतो. तेव्हा प्रत्येक बॅग हे एक गोदाम म्हणून मांडता आलं पाहिजे: स्टोअरमधून बॅगेत, बॅगेतून पंपाच्या सिरियल नंबरवर, आणि काढलेला जुना पार्ट परत बॅगेत. जुना पार्ट परत आला नाही तर सीलवाल्याकडे क्लेम कसला करणार?

पंपहाऊसमध्ये रेंज नसते. वेंडर एसी केबिनमध्ये अ‍ॅप दाखवत असेल तर त्याच्या हातातला मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि सांगा, आता सर्व्हिसची एक तक्रार 'बंद' करून दाखव: फोटो, पार्ट, ग्राहकाची सही, वेळ. मग रेंज चालू केल्यावर तो रिपोर्ट ऑफिसला पोचतो का बघा. मी ही परीक्षा घेतो तेव्हा बऱ्याचदा अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरत राहतं.

आणि अ‍ॅपमध्ये रकाने किती आहेत तेही मोजा. एके ठिकाणी, नाव घेत नाही, आम्ही स्वतःच सर्व्हिस रिपोर्टला 34 रकाने ठेवले होते. व्हायब्रेशन, तापमान, फाउंडेशन बोल्टचा टॉर्क, काय नि काय. पहिल्या महिन्यात सगळ्या रिपोर्टांत तापमान 45 आलं. सगळ्या पंपांचं. पोरं रस्त्यावरच्या टपरीवर बसून एका दमात सगळे रिपोर्ट भरत होती. रकाने नऊवर आणले तेव्हा खरी माहिती यायला लागली. ती चूक माझी होती, सॉफ्टवेअरची नव्हे.

आता नावं. तुम्हाला तीच हवी होती, पण वरच्या चार जागा कळल्याशिवाय नावांना अर्थ नाही. तुमच्या आकाराला साधारण जे पर्याय समोर येतात ते असे.

ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रापेने बनवलंय, ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. उत्पादन, जॉबवर्क, सिरियल नंबर, वॉरंटी क्लेम, मेंटेनन्स व्हिजिट हे सगळं मुळातच आहे. पण फुकट म्हणजे लायसन्स फुकट. बसवणारा, सर्व्हर आणि पुढची देखभाल यांचे पैसे लागतातच. ओडू बेल्जियमचं आहे आणि दिसायला देखणं. त्याची एक आवृत्ती फुकट, दुसरी पैशाची, आणि फील्ड सर्व्हिस पैशाच्या आवृत्तीतच आहे, हे कोटेशन वाचताना बघा. सॅप बिझनेस वन हे मोठ्या सॅपचं धाकटं भावंड नाही, वेगळं उत्पादन आहे. "सॅप घेतलं" असं सांगायला बरं वाटतं म्हणून घेऊ नका. त्यात ग्राहकाकडच्या प्रत्येक यंत्राचं कार्ड ठेवायची सोय चांगली आहे. मायक्रोसॉफ्टचं बिझनेस सेंट्रल म्हणजे पूर्वीचं नॅव्हिजन. त्यात उत्पादन आणि सर्व्हिस ही दोन्ही खाती वरच्या, प्रीमियम लायसन्समध्ये येतात. कोटेशन खालच्या लायसन्सचं असेल तर ते तुमच्यासाठी नाहीच.

पाचवा पर्याय म्हणजे गावातला ओळखीचा प्रोग्रामर, जो "साहेब, तुम्हाला पाहिजे तसं लिहून देतो" म्हणतो. त्याचं सॉफ्टवेअर पहिली दोन वर्षं सगळ्यात चांगलं चालतं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. मग त्याला पुण्यात नोकरी लागते. शिवाय तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. घरगुती सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसमध्ये शिरून जुनं बिल 'दुरुस्त' करण्याची सवय असते, ती आता चालत नाही. क्लाउडवर जाणार असाल तर हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर राहतो का, हे लेखी घ्या. तोही कंपन्यांना नियमच आहे.

तुमच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) लागू आहेच (1 ऑगस्ट 2023 पासून मर्यादा 5 कोटी आहे), आणि 10 कोटींच्या वर असल्यामुळे बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत ते पोर्टलवर गेलं पाहिजे. चुकलेलं बिल पोर्टलवर 24 तासांच्या आतच रद्द करता येतं. डेमोत मुद्दाम चुकीचं बिल काढा आणि "हे परवा लक्षात आलं" असं म्हणून पुढची वाट विचारा. क्रेडिट नोट काढल्यावर सिरियल नंबर परत स्टॉकला आला का? 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दर तारखेनुसार बसत नव्हता त्यांच्याकडे जुन्या मालाच्या परतीच्या क्रेडिट नोटा नव्या दराने निघाल्या. ते निस्तरायला महिने गेले.

माझं मत स्पष्ट सांगायचं तर, टॅली हिशेबाला तसंच ठेवून उत्पादन, डीलर आणि सर्व्हिस दुसऱ्या सॉफ्टवेअरवर न्यायचं आणि रात्री बिलं टॅलीत ओतायची, हा मधला मार्ग पहिल्या वर्षी वाईट नाही. अकाउंटंट घाबरत नाही, वडीलही गप्प बसतात. पण दोन ठिकाणचा स्टॉक दोन वर्षांत एकमेकांना ओळखेनासा होतो. तेव्हा टॅलीत फक्त पैसे ठेवा, नग ठेवू नका. आणि तिसऱ्या वर्षी हिशेबही इकडे आणायची तयारी ठेवा.

निवड तीनपैकी दोनांवर आली की सॉफ्टवेअर सोडा, माणूस बघा. डेमो देणारा बसवायला येत नाही. "आमच्याकडे कोण येणार, त्याचं नाव सांगा आणि त्यालाच घेऊन या" असा हट्ट धरा. त्याला शॉप फ्लोअरवर न्या. तो ऑपरेटरला दोन प्रश्न विचारतो की थेट मीटिंग रूम कुठे आहे ते विचारतो, एवढ्यावरून मला पुष्कळ कळतं. आधीच्या ग्राहकांची यादी मागाल तर तो दोन खूश असलेले नंबर देईल. तुम्ही असा ग्राहक मागा ज्याला बसवून तीन वर्षं झालीत, आणि फोन मालकाला न करता स्टोअरकीपरला करा.

आणि तुमच्या बाजूचं काम, जे कुणीच कोटेशनमध्ये लिहीत नाही. तुमची आयटम यादी. तुमच्याकडे '35×52×7 ऑइल सील' आहे, 'सील 35-52-7' आहे, 'ऑइल सिल शाफ्टचं' आहे आणि 'सील (नवीन)' आहे, आणि हे चारही एकच आहेत. मी पैजेवर सांगतो. हे स्वच्छ करायला एक माणूस तीन महिने लागतो, आणि तो माणूस संगणकाचा कोर्स केलेला नवा मुलगा नव्हे, तुमच्या स्टोअरचे मामाच हवेत. त्यांच्या हाताखाली टाइप करायला मुलगा द्या. मामांना आधीच सोबत घेतलंत तर सॉफ्टवेअर चालेल. त्यांना बाजूला ठेवलंत तर ते काही बोलणार नाहीत, फक्त जुनी वही चालू ठेवतील.

चालू कधी करायचं? सगळे 1 एप्रिल म्हणतात, आणि त्याच महिन्यात अकाउंटंट गेल्या वर्षाच्या क्लोजिंगमध्ये बुडालेला असतो. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने 1999 साली हॅलोविनच्या, म्हणजे तिथल्या गोळ्या-चॉकलेटांच्या सणाच्या तोंडावर नवी यंत्रणा चालू केली आणि गोदामात माल असून सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी दुकानांत पोचल्या नाहीत. तुमची हॅलोविन म्हणजे गळीत हंगाम आणि शेतीपंपाचा उन्हाळा. पावसात शेतीपंपाची मागणी थंडावते. 1 ऑगस्टला चालू करा, तर हंगाम सुरू होईपर्यंत निदान दोन-अडीच महिने मिळतात. जुलैच्या शेवटच्या सुट्टीला सगळा माल प्रत्यक्ष मोजा, बॅगांसकट.

करारात हप्ते महिन्यावर लावू नका, कामावर लावा. पहिला हप्ता आयटम यादी चढल्यावर, दुसरा पहिलं जॉबवर्क चलन बंद झाल्यावर, तिसरा पहिल्या महिन्याचा जीएसटी त्यातून भरल्यावर. शेवटचे 20 टक्के, फाईलमध्ये लावलेल्या त्या पंपासारखाच एखादा खरा पंप कास्टिंगपासून वॉरंटी क्लेमपर्यंत जाईल त्या दिवशी. वेंडर म्हणेल, "त्याला तर वर्ष लागेल." तुम्ही म्हणा, लागू दे, आम्हीपण तोवर तेच वापरणार आहोत.

सातपट महाग कोटेशन कुणाचं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते पाठवा, आणि त्यात 'कस्टमायझेशन: प्रत्यक्षानुसार' अशी ओळ कुठल्या पानावर आहे ते आधी बघून ठेवा.